निकोडेमस: पाच इमारती आणि चौदा माणसांचं गाव

१८७८ च्या वसंतात विलियाना हिकमन नावाची एक बाई केंटकीहून आगगाडीने कॅन्ससमधल्या एलिस गावी उतरली. बरोबर नवरा, मुलं आणि गावचे शे-दीडशे लोक. मुलांमध्ये गोवराची साथ होती. काही मुलं एलिसलाच गेली, त्यांना तिथेच पुरलं आणि बाकीचे दोन दिवस गवताळ माळरानातून चालत निघाले. वाट नव्हती. दिशा होकायंत्रावरून धरायची. शेवटी पुरुषमंडळी ओरडली, ते बघा निकोडेमस! विलियानाने डोळे ताणून पाहिलं. गाव कुठेच दिसेना. कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा नवऱ्याने जमिनीतून वर येणाऱ्या धुराच्या रेघांकडे बोट केलं. माणसं जमिनीखाली राहत होती. त्या घरांच्या धुराड्यांतून धूर येत होता. ते पाहून आपल्याला रडू कोसळलं, असं तिने पुढे सांगून ठेवलं आहे.

वारसा-जतनाच्या दृष्टीने निकोडेमसचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण या प्रसंगातच आहे. ज्या गावाची पहिली घरं म्हणजे जमिनीतले खड्डे होते, त्या गावाचं जतन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आज तिथे जुन्या पाच इमारती उभ्या आहेत आणि २०२० च्या जनगणनेत गावात अवघी १४ माणसं होती. तरीही अमेरिकेच्या केंद्र सरकारने या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला आहे. हे कसं घडलं, कायद्याने काय साधलं, काय त्याच्या हाताबाहेर राहिलं आणि खरं राखलं कोणी, हे नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

गाव कसं वसलं

निकोडेमस ज्या ग्रॅहम काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात, येतं ती कॅन्ससच्या वायव्येला आहे. गहू, ज्वारी आणि कुरणांचा मुलूख. सगळ्या काउंटीची लोकसंख्या आज २,४०० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाइतकी. सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा इथून वाहतो आणि हमरस्ता क्रमांक २४ निकोडेमसला खेटून जातो.

एप्रिल १८७७ मध्ये डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यावसायिक आणि रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून निकोडेमस टाउन कंपनी काढली. गावठाण १६० एकरांचं आखलं. जुलैमध्ये 'संयुक्त संस्थानांतल्या कृष्णवर्णीय नागरिकांस' असा मायना घालून पत्रकं छापली आणि ती केंटकीतल्या चर्चांमधून फिरवली. सप्टेंबरमध्ये लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउन परिसरातून सुमारे तीनशे लोकांचा जथा आला.

हे लोक कोण होते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. केंटकी हे राज्य यादवी युद्धात बंडखोरांच्या बाजूला गेलं नव्हतं, त्यामुळे लिंकनची मुक्तीची घोषणा तिथे लागूच नव्हती. तिथली गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. म्हणजे १८७७ मध्ये माळरानावर पाय ठेवणारी बहुतेक प्रौढ माणसं अवघ्या बारा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मालकीची होती. आणि त्याच १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं उरलंसुरलं सैन्य मागे घेतलं गेलं. मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नव्हती आणि आता पाठीशी कोणी उरलं नव्हतं.

मराठी वाचकाला इथे एक धागा आठवेल. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक होते. पुण्यातून पाहणाऱ्या जोतीरावांना तो लढा जिंकलेला दिसत होता, आणि तो जिंकला होताच. पण त्या अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांनी त्याच मुक्त झालेल्या माणसांना पोराबाळांसह घरदार सोडून दुसऱ्या राज्यातलं माळरान गाठावं लागलं. नांगराखालची जमीन स्वतःच्या नावावर असल्याशिवाय सुटका पुरी होत नाही, हे जोतीरावांना कोणी शिकवायला नको होतं आणि या लोकांनाही.

हातात फारसं काही नव्हतं. झाडं नव्हती, त्यामुळे लाकूड नव्हतं. टेकाडाच्या उतारात किंवा सपाट जमिनीत खड्डा खणायचा, पुढची बाजू मातीच्या ढेपांनी किंवा दगडांनी बांधायची, वर काटक्या-फांद्या टाकून त्यावर गवतासकट मातीचे थर द्यायचे. हे घर. जळणाला सूर्यफुलांचे वाळके दांडे आणि रानम्हशींचं वाळलं शेण. ज्यांना हे पाहवलं नाही ते आल्या पावली परतले. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी आपल्यातलं अन्न वाटून दिलं म्हणून आपण जगलो, असं गावकरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. नांगरणीला जनावरं नव्हती. पहिली शेतं कुदळी-फावड्यांनीच फोडली. एमा विल्यम्स पोटुशी असताना आली होती. तिचा मुलगा हेन्री हा निकोडेमसमध्ये जन्मलेला पहिला जीव. हे नाव लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा येणार आहे.

आणि तरीही गाव उभं राहिलं. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर स्थापना झाली. निकोडेमसचे एडवर्ड मॅकेब आधी काउंटीचे कारकून झाले आणि १८८२ मध्ये थेट कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. त्या काळात दक्षिणेबाहेर कृष्णवर्णीय माणसाने राज्यपातळीवरचं पद निवडणुकीने मिळवणं ही अपवादातली गोष्ट होती. १८८६-८७ पर्यंत गावात दोन वर्तमानपत्रं होती, दुकानं, हॉटेलं, चर्च, शाळा होत्या.

आगगाडी आली नाही

त्या काळच्या माळरानावर गावाचं नशीब रूळ ठरवत. १८८७ मध्ये निकोडेमसच्या मतदारांनी रेल्वे गावात यावी म्हणून १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. मिसुरी पॅसिफिक कंपनीने मागे पाय घेतला. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ आले खरे, पण नदीच्या पलीकडून. पलीकडे कामगारांचा जो तळ पडला त्याचं बोग नावाचं गाव झालं, आणि निकोडेमसचे व्यापारी आपली दुकानं तिकडे घेऊन गेले. काउंटीचं मुख्यालय गेलं हिल सिटीला. हे हिल म्हणजे तेच, ज्यांनी निकोडेमस वसवायला हातभार लावला होता.

बाजारपेठ गेलेलं गाव सहसा दहा-वीस वर्षांत पुसलं जातं. कॅन्ससच्या नकाशावर अशी शेकडो गावं पुसली गेली आहेत. निकोडेमस पुसलं गेलं नाही याचं कारण साधं आहे: दुकानदार गेले, शेतकरी राहिले. जमीन त्यांच्या नावावर होती. चर्च, शाळा आणि वर्षातून एकदा भरणारा मुक्तीचा उत्सव यांच्याभोवती गाव आणखी दोन पिढ्या नांदलं. मग १९३० च्या दशकातली धुळीची वादळं आणि मंदी आली, तरुण डेन्व्हरला, टोपेकाला, कॅलिफोर्नियाला गेले. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झालं. पुढे शाळाही बंद पडली.

तीन दर्जे, तीन वेगळ्या गोष्टी

अमेरिकेतल्या 'संरक्षित' या शब्दाबद्दल आपल्याकडे एक समज आहे की सरकारने शिक्का मारला की इमारतीला कोणी हात लावू शकत नाही. निदान ग्रामीण अमेरिकेत तसं मुळीच नाही, आणि निकोडेमसचं प्रकरण समजायला हा फरक आधी कळला पाहिजे.

सगळ्यांत खालची पायरी म्हणजे ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही. १९६६ च्या जतन-कायद्याने ती सुरू झाली. नोंदवहीत नाव लागल्याने खासगी मालकावर जवळपास कसलंच बंधन येत नाही. त्याने स्वतःच्या पैशाने घर पाडायचं ठरवलं तर केंद्राचा कायदा त्याला अडवत नाही. कायद्याचा लगाम सरकारच्याच तोंडात आहे. कलम १०६ असं सांगतं की केंद्राचा पैसा, परवाना किंवा प्रकल्प अशा जागेला धक्का लावणार असेल, तर आधी विचार करा, सल्लामसलत करा. हमरस्ता २४ रुंद करायला केंद्राचा निधी वापरायचा असेल तर निकोडेमसचा विचार करावा लागेल. घराच्या मालकाला स्वतःचा गिलावा बदलायचा असेल तर नाही.

दुसरी पायरी राष्ट्रीय ऐतिहासिक मानचिन्हाची, म्हणजे नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कची. नोंदवहीत लाखाच्या घरात नावं आहेत, मानचिन्हं देशभरात सुमारे २,६०० च. निकोडेमसला हा दर्जा ७ जानेवारी १९७६ रोजी मिळाला. मान मोठा. पण त्याच्याबरोबर काय आलं? एक फलक, आणि कलम १०६ ची थोडी कडक आवृत्ती. गळणाऱ्या छपराला पैसा नाही, देखरेखीला माणूस नाही.

तिसरी पायरी, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, यासाठी सहसा संसदेत कायदा व्हावा लागतो आणि ती जागा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कारभाराखाली येते. इथे मात्र अर्थसंकल्पात तरतूद असते, कर्मचारी असतात, वास्तुतज्ज्ञ असतात. निकोडेमसला हे मिळालं १२ नोव्हेंबर १९९६ रोजी.

मधली वीस वर्षं मला या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. १९८३ मध्ये सरकारी नोंदणी-पथकाने गावातल्या इमारतींची मोजमापं घेतली, आराखडे काढले, छायाचित्रं घेतली. हे काम महत्त्वाचं होतं, कारण पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांना आधार याच कागदांचा. पण कागदावर आलेली भिंत पावसात भिजायची थांबत नाही. ज्या वर्षांत दर्जा होता आणि निधी नव्हता, त्या वर्षांत इमारती आणखी थकल्या.

१९८८ मध्ये निकोडेमस हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागचं नाव अँजेला बेट्स. त्या मूळ वसाहतकऱ्यांच्या वंशज. गावच्या कहाण्या गोळा करणं, वंशावळी जुळवणं, विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र ठेवणं आणि मग वॉशिंग्टनपर्यंत पाठपुरावा करणं हे काम त्यांनी आणि गावच्या लोकांनी वर्षानुवर्षं केलं. १९९६ चा कायदा वॉशिंग्टनमधल्या कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून झाला नाही. तो वंशजांनी मागून घेतला.

पाच इमारती, पाच मालक

त्या कायद्याची आखणी मला फार शहाणपणाची वाटते. मालकाच्या संमतीशिवाय सरकारने काहीही ताब्यात घ्यायचं नाही, ही अट त्यात आहे. शिवाय मालकांशी करार करून जतनासाठी मदत करण्याची सोय ठेवली आहे. म्हणजे गावाच्या हद्दीवर राष्ट्रीय उद्यानाची रेघ आहे, पण आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा ज्याचा त्याच्याच नावावर.

गुलामांच्या वंशजांच्या गावात ही अट निव्वळ तांत्रिक नव्हती. ज्यांचे पणजोबा स्वतः मालमत्ता म्हणून विकले गेले होते, त्यांच्या हातून सरकारने जतनाच्या नावाखाली जमीन काढून घेतली असती तर गावाचा सगळा अर्थच उलटा झाला असता. मला वाटतं, हे कलम नसतं तर बाकीचा कायदा कितीही चांगला असून उपयोग नव्हता.

पण या रचनेचा दुसरा परिणामही पाहायला हवा. पाच इमारतींचे पाच वेगळे मालक, आणि पाचही इमारतींचं पुढचं आयुष्य वेगळं.

सेंट फ्रान्सिस हॉटेल १८८० चं, पाचांत सगळ्यांत जुनं. झॅकरी फ्लेचर आणि त्यांची पत्नी जेनी यांच्याशी ते जोडलेलं आहे. जेनी फ्लेचर गावच्या पहिल्या शिक्षिका. हॉटेल, टपाल, घोडागाड्यांचा थांबा आणि शाळा अशी सगळी कामं या एका घराने कधी ना कधी केली. पुढे ते कुटुंबाचं राहतं घर झालं आणि ते खासगीच राहिलं. जुन्या चुनखडीच्या भिंतींवर गिलावा चढला, बाजूला लाकडी खोल्या जोडल्या गेल्या. पर्यटक बाहेरून पाहतो तेव्हा त्याला १८८० चं हॉटेल दिसत नाही, एक साधं ग्रामीण घर दिसतं. काही जतनतज्ज्ञांना असे फेरफार म्हणजे दोष वाटतात. मला वाटत नाही. त्या खोल्या जोडल्या गेल्या कारण तिथे माणसं राहिली, कुटुंब वाढलं. मूळ रूपाच्या हट्टापायी त्या उतरवल्या तर शंभर वर्षांचं राहतेपण पुसलं जाईल.

आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची इमारत १८८५ ची. हा पंथच मुळी गोऱ्यांच्या चर्चमध्ये मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून रिचर्ड ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१६ मध्ये फिलाडेल्फियात स्वतंत्र उभा केलेला. निकोडेमसमधली त्यांची मंडळी पांगली आणि इमारत रिकामी पडली. पाचांतली ही एकच इमारत उद्यान सेवेने विकत घेतली. आधी तिला आधार देऊन पडण्यापासून वाचवलं आणि कितीतरी वर्षांनी पूर्ण दुरुस्ती होऊन ती लोकांसाठी उघडली.

इथे जरा थांबून दगडाबद्दल बोललं पाहिजे, कारण ग्रामीण भागातल्या जतनाची खरी लढाई अशा गोष्टींत असते. त्या भागातली चुनखडी मऊ. खाणीतून ताजी काढलेली असताना साध्या करवतीनेही कापता येते, हवेवर कडक होते. गरीब लोकांसाठी हे वरदान, कारण महागडी हत्यारं लागत नाहीत. पण मऊ दगड ओल धरतो. तो चुन्यात बांधला असेल तर ओल आत शिरते तशी बाहेरही पडते, भिंत श्वास घेत राहते. अशा भिंतीवर कोणी चांगल्या हेतूने सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते. कॅन्ससच्या हिवाळ्यात ते पाणी गोठतं, फुगतं, आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. बाहेरून गिलावा ठणठणीत दिसतो आणि त्याच्याआड भिंतीचं पीठ होत असतं. आपल्याकडे चुन्यातल्या जुन्या वाड्यांवर, देवळांवर सिमेंट थापलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिकडे वर गोठणाऱ्या पाण्याचा जाच. अशी इमारत दुरुस्त करायला चुन्याचं काम जाणणारा गवंडी लागतो आणि असा गवंडी चौदा माणसांच्या गावाच्या आसपास मिळत नाही. म्हणून दुरुस्तीला वर्षं लागतात, आणि म्हणूनच खासगी मालकाला ती परवडत नाही.

जुनं फर्स्ट बाप्टिस्ट चर्च १९०७ चं. मंडळीने १९७५ मध्ये शेजारी नवं चर्च बांधलं आणि जुनं मोकळं झालं. मालकी मंडळीचीच. या इमारतीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. उपासना नव्या इमारतीत गेली, त्यामुळे जुनीला रोजचा उपयोग उरला नाही. आणि ती सरकारची नाही, त्यामुळे उद्यान सेवेच्या नेहमीच्या दुरुस्ती-यादीत ती आपोआप येत नाही. करारातून, देणग्यांतून, अनुदानाच्या अर्जांतून जे साधेल तेवढंच. अर्ज लिहिणं, हिशेब ठेवणं, निधीचा आपला वाटा उभा करणं, हे सगळं एका लहानशा मंडळीने करायचं.

शाळा १९१८ ची, लाकडी, आधीची शाळा जळाल्यावर बांधलेली. तिचं नाव 'शाळा-जिल्हा क्रमांक १', आणि त्या आकड्यात मोठा अभिमान दडलेला आहे. ग्रॅहम काउंटीतला पहिला शाळा-जिल्हा १८७९ मध्ये स्थापन झाला तो निकोडेमसला. काउंटीची रीतसर स्थापना व्हायच्याही आधी! ज्यांना केंटकीत अक्षर गिरवू दिलं नव्हतं, त्यांनी सगळ्या काउंटीत सर्वांत आधी शाळा उभी केली. शाळा बंद पडल्यावर ही इमारत माजी सैनिकांच्या संघटनेकडे गेली.

पाचवी इमारत टाउनशिप हॉल, १९३९ ची. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने जी योजना काढली, तिच्यातून स्थानिक चुनखडीत बांधलेली. सभा, मतदान, नाच, जेवणावळी, सगळं इथे व्हायचं. मालकी आजही टाउनशिपची, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेची, पण उद्यान सेवेने ती भाड्याने घेऊन तिथे अभ्यागत केंद्र थाटलं आहे. माझ्या मते ही व्यवस्था पाचही इमारतींत सर्वांत चांगली. गावाला भाडं मिळतं, इमारत रोज उघडते, रोज झाडली जाते, छप्पर गळलं तर त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात येतं. मालक मात्र गावच.

या पाचांकडे एकत्र पाहिलं की कायद्याची मर्यादा दिसते. सर्वांत पक्की दुरुस्ती झाली ती सरकारने विकत घेतलेल्या इमारतीची. मालकी गावाकडे ठेवणं मला योग्यच वाटतं, पण त्याची किंमत छपरं आणि भिंती मोजतात, हे मान्य करायला हवं. करारांतून मिळणारी मदत जर संथ आणि तुटपुंजी असेल, तर इमारत राखायची असेल तर विकून टाका, असंच आपण मालकाला न बोलता सांगत असतो. संमतीचं कलम कायद्यात लिहून भागत नाही. न विकणाऱ्यालाही राखता येईल इतका पैसा त्याच्या मागे ठेवावा लागतो.

जुलैचा शेवटचा आठवडा

निकोडेमसचं सर्वांत जुनं जतन-कार्य इमारतींचं नाहीच. वसाहतीच्या सुरुवातीच्या वर्षांपासून इथे मुक्तीचा उत्सव भरतो. मूळ तारीख १ ऑगस्ट, कारण १८३४ मध्ये त्या दिवशी ब्रिटिश वेस्ट इंडीजमधली गुलामी कायद्याने संपली. पूर्वी झाडांच्या राईत तंबू पडायचे, बेसबॉलचे सामने व्हायचे, मेरी-गो-राउंड यायचं आणि आसपासचे गोरे शेतकरीही येत. आता तो जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस भरतो आणि त्याला होमकमिंग म्हणतात. गावाबाहेर पांगलेली पाच-सहा पिढ्यांची भावकी शेकडोंनी परत येते. मिरवणूक, जेवणं, चर्चमधली प्रार्थना, वंशावळींच्या गप्पा.

कोकणातलं किंवा माणदेशातलं वर्षभर ओस असलेलं गाव जत्रेला कसं फुलतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना समजवायला नको. घराला कुलूप असलं तरी गाव मेलेलं नसतं. जनगणना रात्री कोण कुठे झोपतो ते मोजते, गाव कोण कोणाचं मानतं ते मोजत नाही. निकोडेमसची १४ ही संख्या खरी आहे, पण हे पडकं, भुताचं गाव आहे असा निष्कर्ष तिच्यावरून काढणं चूक आहे.

उद्यान सेवा येण्याआधी शंभराहून जास्त वर्षं हा उत्सव चालू होता. रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे यादवी युद्धानंतरची दक्षिणेची पुनर्रचना, तिच्यानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या अनेक वसाहती नामशेष झाल्या आणि निकोडेमस उरलं, त्यात जमिनीचा वाटा आहे, तसा या दरवर्षीच्या परतण्याचाही आहे. इमारती दुरुस्त करताना मी तरी पहिला प्रश्न हाच विचारीन: होमकमिंगच्या वेळी या इमारतीत काय होणार? हॉलचं उत्तर तयार आहे. शाळेचं आणि जुन्या बाप्टिस्ट चर्चचं उत्तर अजून ठरायचं आहे. शाळेत वंशावळींचा आणि कागदपत्रांचा संग्रह नीट ठेवता आला तर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तिथे शिरायला कारण मिळेल.

हद्दीबाहेर राहिलेलं

ऐतिहासिक स्थळाची हद्द जुन्या गावठाणाची, सुमारे १६० एकरांची. पण निकोडेमस हे शेतकऱ्यांचं गाव होतं आणि शेतकरी गावठाणात राहत नव्हते. सरकारी जमीन कसणाऱ्याच्या मालकीची करून देणाऱ्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर मिळवता येत, म्हणजे एकेका कुटुंबाचं शेत सगळ्या गावठाणाएवढं. हिकमन कुटुंब तर गावापासून मैलोगणती दूर स्थिरावलं. जमिनीखालची घरं, विहिरी, पहिली शेतं, कबरी, हे सगळं बहुतांशी हद्दीबाहेर आहे.

एमा विल्यम्सचा तो मुलगा हेन्री, गावातला पहिला जन्मलेला. त्याच्या कुटुंबाच्या शेतातल्या जमिनीखालच्या घराचं पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आहे. हे काम मला गावातल्या कुठल्याही दुरुस्तीइतकंच मोलाचं वाटतं. कारण विलियाना हिकमनने पाहिलेलं निकोडेमस होतं ते हे. १८८० चं हॉटेलसुद्धा त्यानंतरचं.

असं घर ओळखायचं कसं? छप्पर केव्हाच कोसळलेलं असतं, खड्डा मातीने भरत आलेला असतो. गवतात एक उथळ खळगा उरतो, तिथे पावसाचं पाणी मुरतं आणि गवत जरा जास्त दाट उगवतं. नांगर एकदा खोल फिरला की तेवढीही खूण जाते. अशा खळग्याला नोंदवहीची पायरीसुद्धा सहजी मिळत नाही, कारण आधी कोणीतरी तो कशाचा खळगा आहे हे सांगावं लागतं.

आणि जमीन ज्यांच्या हातात आहे त्यांच्या हातात ती राहील का, हा प्रश्नही वारशाचाच आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत ९ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज त्यांची संख्या पन्नास हजारांच्याही आत आहे. कर्ज नाकारणं, ते मुद्दाम उशिरा देणं, यांविरुद्ध कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी केंद्राच्या कृषिखात्यावर दावा लावला आणि १९९९ मध्ये त्याची मोठी तडजोड झाली. निकोडेमसच्या शेतकऱ्यांनी आपल्या गव्हाचं पीठ गावाच्या नावाने विकण्यासाठी सहकारी संस्था काढली होती. असे उद्योग जतनाच्या अहवालांत बहुधा तळटिपेत जातात. त्यांना पहिल्या पानावर जागा हवी, कारण शेत विकलं गेलं आणि नवा मालक अनोळखी असला, तर त्या शेतातला खळगा त्याच्यासाठी नुसता खळगाच राहील.

म्हणून माझ्या मते निकोडेमसमध्ये यापुढचं सर्वांत तातडीचं काम भिंतींचं नाही. होमकमिंगला जी म्हातारी माणसं येतात त्यांना गाडीत बसवून शेताशेतांतून फिरवायचं. आजोबांनी दाखवलेली जागा, आईने सांगितलेली विहीर, लहानपणी ज्या खळग्यात खेळायला बंदी होती तो खळगा, जिथे बोट दाखवतील तिथे उतरायचं, जागेची नोंद करायची, फोटो घ्यायचा, आणि शेताच्या मालकाशी बोलून त्या चार गुंठ्यांवरून नांगर वळवून न्यायचं ठरवून घ्यायचं. याला फार पैसा लागत नाही आणि संसदेचा कायदाही लागत नाही. जुलैचे दोन-तीन दिवस पुरतात. पण बोट दाखवू शकणारी माणसं दर जुलैला थोडी कमी येतात.